भोक न पडलेली अकरा मते

मित्रांनो, मी एक जुना लोखंडी पंच आहे आणि इतक्या वर्षांनंतरही मी रागावलेलो आहे. गोड गोड बोलायला मला जमणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

माझा जन्म स्कॉटलंडमधल्या एका ओतशाळेत झाला. बिडाचे अंग, वर लांब दांडा आणि तोंडात पोलादी दात. मतपत्रिका माझ्या तोंडात धरायची, दांडा दाबायचा, खट्! कागदावर बारीक भोकांची नक्षी उमटली की ते मत खरे. नक्षी नसेल तर बाद. दर निवडणुकीला माझे दात बदलत आणि यंदाची नक्षी कोणती, हे मतदानाच्या सकाळपर्यंत कोणालाही कळू देत नसत. काय माझा रुबाब होता म्हणून सांगू!

१९५२ सालचा मे महिना होता. तागाच्या गिरण्यांचे आमचे शहर, त्यातला कॉर्सहिल वॉर्ड. नगरसेवकाच्या एका जागेसाठी दोघे उभे होते. एक कोळशाचे व्यापारी मिस्टर लॅम. त्यांना वॉर्डातले सार्वजनिक धोबीघर पाडून तिथे मोटारींची गॅरेज बांधायची होती. दुसरी इझा डोनाची, गिरणीतली विणकर. तिला ते धोबीघर वाचवायचे होते. एका जिन्यावर चार बिऱ्हाडे आणि नळ एकच. गरम पाण्याचे हौद त्या बायकांना दुसरीकडे कुठे मिळणार होते?

मतदान शाळेत होते. मला तिथले मतदान अधिकारी मिस्टर ऑख्टरलोनी यांच्या हाताखाली दिले होते. दिवसभर खट्, खट्, छान चालले होते. संध्याकाळी गिरणीचा भोंगा झाला आणि बायका केसांत तागाचे तंतू घेऊन तशाच रांगेत येऊन उभ्या राहिल्या. नेमकी तेव्हाच साहेबांसाठी चहाबरोबर खिमा भरलेली, करंजीसारखी गरम ब्राइडी आली. एका हातात ब्राइडी, दुसऱ्या हाताने मतपत्रिका फाडून द्यायच्या. मला दाबायला हात उरतोच कुठे? पेटीत टाकण्यापूर्वी प्रत्येक कागदावरची नक्षी बघायची, असाही नियम होता. साहेब बघत होते ब्राइडीतून गळणाऱ्या रश्श्याकडे.

अहो, मला दाबा! मी आतल्या आत ओरडत होतो. लोखंडाचे कोण ऐकतो?

आणि बायका? त्या तर खूशच झाल्या! गिरणीच्या फाटकावर हजेरीच्या कार्डाला भोक पाडत ते उशिरा आलेल्यांच्या. भोक पडले की अर्धा खाडा. त्यामुळे बिनभोकाचा कागद मिळाला, म्हणजे सगळे ठीक आहे, असेच त्यांना वाटले.

अशा अकरा जणी पुढे गेल्या. मग साहेबांनी बोटे पुसली आणि बारावीच्या कागदावर, खट्! ही होती टीना रॅट्री, साठी उलटलेली, पण आवाज भोंग्यासारखा. तिने कागद उजेडात धरला.

"ओ साहेब, मला भोक का? मी काय उशिरा आले?"

"आजी, ते असंच असतं."

"असंच कसं? माझ्या पुढच्यांना नाही पाडलंत! म्हातारी दिसली की हात चालतो होय तुमचा?"

साहेब पोट धरून हसले. "ऐकलंत का? आजींना बिनभोकाचं पाहिजे!" ते शेजारच्या कारकुनाला म्हणाले. तोही हसला. रांगेतही खसखस पिकली. टीना लाल होऊन पडद्याआड गेली. तिच्या पुढच्या म्हणजे कोणत्या, हे एकानेही विचारले नाही. मित्रांनो, त्या अकरा जणींपैकी चौघी तेव्हा अजून पडद्याआड हातात पेन्सिल धरून उभ्या होत्या!

मोजणी झाली. लॅम १२११, इझा १२०८, म्हणजे इझा अवघ्या तीन मतांनी मागे. बाद मते अकरा, आणि अकराही कागदांवर इझाच्या नावापुढे ठसठशीत फुली.

"माणसं खरी, फुली खरी, मग मत खोटं कसं?" इझाने विचारले.

"नक्षी नाही, बाई," मोजणीचे मुख्य अधिकारी म्हणाले. "कायद्याने बाद."

"आणि नक्षी पाडायचं काम कोणाचं होतं?"

ऑख्टरलोनी टाय सारखा करत म्हणाले, "बायकांनी सांगायला नको का?"

टीनाने इझाला शाळेच्या पायरीवरच सगळे सांगितले होते. इझाने त्यांच्याकडे नीट पाहिले. "एकीनं सांगितलं होतं, साहेब. तुम्ही हसलात."

पानगळीच्या आत धोबीघराला कुलूप लागले. बायका बाबागाडीत ओल्या कपड्यांचे गाठोडे घालून चढावरून शेजारच्या वॉर्डात ढकलत नेऊ लागल्या. वर लोक म्हणायचे काय? "गिरणीवाल्यांना साधं मत टाकता येत नाही!" अजून माझ्या अंगाची लाही होते. साहेबांना त्याच वर्षी बढती मिळाली.

आता मी काचेच्या कपाटात असतो. येणारे-जाणारे माझ्या घडणीची तारीफ करतात. नको मला ती तारीफ. मला पुसू नका, तेल देऊ नका. फक्त एक करा. उद्या तुमच्या हाती असे काम आले आणि समोर कोणी तक्रार करू लागले, तर आधी हातातला घास खाली ठेवा आणि विचारा, "काय झालं?" त्या संध्याकाळी चार मते पडद्याआड एवढ्या दोनच शब्दांची वाट बघत उभी होती.