एका मळ्यात दोन उन्हाळे

“तुमच्या मळ्यावर काय वेगळा सूर्य उगवतो का हो?”

खालच्या मळ्याच्या मालकाने हे हसत हसत विचारलं, तेव्हा वरच्या मळ्यातली धाकटीही हसली. पण त्याच्या फाटकातून स्वतःच्या फाटकापर्यंत पोचेतो तिच्या मनात पाल चुकचुकायला लागली होती.

प्रश्न तसा रास्तच होता. सलग चौथ्या वर्षी ऊन असं तापलं होतं की खोऱ्यातल्या सगळ्यांचीच द्राक्षं वेळेआधी पिकली. खालच्या मालकाची जमीन नदीच्या गाळाची, मऊ आणि सढळ. लोक त्याला गाळवालाच म्हणत आणि त्यालाही त्याचं काही वाटत नसे. त्याची तोडणी यंदा तीन आठवडे आधी उरकली होती. गोडी भरपूर आणि आंबटपणा नावाला. असल्या द्राक्षांची वाइन पहिल्या घोटाला खुशामत करते आणि दुसऱ्या घोटाला कंटाळा आणते. खोऱ्यात घरोघरी तीच रड होती. एकट्या धाकटीच्या घरची वाइन मात्र मागची तीनही वर्षं जशीच्या तशी उतरली होती. हलकी, थंड आणि शेवटी जिभेवर मिठाची कणी ठेवून जाणारी. दोन वर्षं बक्षिसंही मिळाली. ती आपल्या हाताची करामत आहे असं धाकटीने खुशाल मानून घेतलं होतं. वाईट झालं की माणूस सतरा कारणं शोधतो, चांगलं झालं की आरशात बघतो.

आता घरची रीत सांगायला हवी, कारण सगळं घोडं तिथेच अडलं होतं. बाबांनी चाळीस वर्षं मळाही सांभाळला आणि वाइनही केली. गुडघे गेले तेव्हा त्यांनी कामाची वाटणी केली. मळा दादाकडे, तळघर धाकटीकडे. पहिल्याच वर्षी छाटणीवरून दोघांचं कडाक्याचं भांडण झालं, आठवडाभर बोलणं बंद. तेव्हा बाबांनी नियमच घालून दिला, “तू मातीत, ही पिंपात. एकमेकांच्या कामात नाक खुपसायचं नाही. क्रेट दारात आले की मळा संपला.” तेव्हापासून दहा वर्षं धाकटी तोडणीच्या दिवसांत मळ्यात गेली नव्हती आणि दादा तळघराची पायरी उतरला नव्हता. भांडण मिटलं होतं. पण भिंत उभी राहिली की तिच्या आडोशाला काहीही वाढू शकतं, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही.

त्यांच्या बाटलीवर मळ्याचं नाव असायचं, ‘चुनखडीचा उतार’. नावाप्रमाणे उतार पांढराफटक होता. वेलींची मुळं दगडाच्या फटींतून खाली जात आणि बाबांच्या मते ती मिठाची कणी तिथूनच येत असे. “चव मातीत असते,” ते म्हणायचे. “माणसाने ती सांडू नये, एवढंच त्याचं काम.” दरवर्षी थंडी सरताना तपासनीस यायचा आणि धाकटी त्याच्या कागदावर सही करायची की या वाइनमधली सगळी द्राक्षं याच उतारावरची आहेत. सही तिची, कारण परवाना तिच्या नावावर होता. ती खोटी निघाली तर परवाना जाणार, आणि बाबांचं चाळीस वर्षांचं नावही.

म्हणून ती तपासायला लागली. सुरुवात तिने स्वतःच्याच घरापासून केली. आंबटपणा वाढवायची पूड मिळते, हे काही गुपित नव्हतं. तिने कोठीतली कपाटं उपसली, जुनी पाकिटं शोधली. एकुलतं एक पाकीट सापडलं, तेही सीलबंद. मग बाहेरची द्राक्षं? घाटापलीकडे थंड मुलूख आहे, तिथली द्राक्षं कोण कशाला इतक्या लांब आणेल? पण संशय एकदा घरात शिरला की त्याला पाहुणचार लागत नाही. तिला जुन्या गोष्टी नव्याने आठवायला लागल्या. पूर्वी क्रेटांच्या बुडाला पांढरी धूळ असायची, तिचा एप्रन खडूने माखल्यासारखा व्हायचा. तीन वर्षांपासून क्रेट धुतलेले येत होते.

“वहिनीला स्वच्छतेचं वेड लागलंय,” दादा म्हणाला होता.

वहिनीला! त्या बाईच्या स्वयंपाकघरातली तेलाची बरणी उचलली तर फडताळही तिच्यासोबत यायचं. धाकटीने तेव्हा हसण्यावारी नेलं होतं. आता तिला हसू येईना.

तोडणीच्या तिसऱ्या दिवशी तिने एक नवीन गोष्ट केली. नेहमी ती सगळा रस टाकीत उतरला की त्याची गोडी मोजायची. त्या दिवशी तिने दर क्रेटमधला एकेक घड काढला, मणी चिरडला आणि मापायच्या काचेवर थेंब सोडला. पहिल्या क्रेटला गोडी पंचवीस. दुसऱ्याला पंचवीस. तिसऱ्याला वीस. तिने काच पुसली आणि पुन्हा थेंब टाकला. वीसच. संध्याकाळपर्यंत दोन ढीग झाले होते, एक पंचवीसच्या आसपासचा आणि एक विसाच्या. मधलं काहीच नाही. एकाच उतारावर दोन उन्हाळे कसे असतील?

विसाच्या ढिगातल्या एका क्रेटच्या कोपऱ्यात, धुण्यातून सुटलेली एक चपटी कपची अडकली होती. शाळेच्या जुन्या पाटीचा असतो तसला काळा दगड. धाकटीने ती नखाने सोडवली. त्यांच्या सबंध उतारावर काळा म्हणून दगड नव्हता.

तिला रडूच आलं. राग नंतर आला. ज्या दादाने तिला सायकल शिकवली, त्याने तीन वर्षं तिच्या हातून खोट्या सह्या करून घेतल्या होत्या. जेवताना तिने सहज विचारल्यासारखं विचारलं, “दादा, यंदा मळा कसा आहे रे?”

“आहे तसाच आहे,” दादा ताटातून मान वर न करता म्हणाला. वहिनीने उगाचच पाण्याचा तांब्या भरून आणला. तो आधीच भरलेला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटीने नियम मोडला. ती मळ्यात गेली. उतारावर निम्मेच मजूर होते. वेली भाजून निघाल्या होत्या, कडेचे मणी मनुके झाले होते. तिने एक तोंडात टाकला आणि तो गाळवाल्याच्या मण्यासारखाच लागला, हे तिला कबूल करवेना. वर, माथ्याकडे, ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या गेल्या होत्या. माथ्यापलीकडे जाण्याचं कुणाला काही कारण नव्हतं. तिकडचा उतार त्यांचाच होता, पण बोडका. ऊन दुपारीच सरायचं आणि गार वारा दिवसभर अंगावर यायचा. बाबा म्हणायचे, तिकडे शेळीसुद्धा जायची नाही.

ती माथ्यावर पोचली आणि थबकली. खाली काळ्या कपच्यांच्या उतारावर वेलींच्या सरळ ओळी होत्या. वहिनी डोक्याला रुमाल बांधून घड कापत होती. वर बघताच तिच्या हातातली कात्री खाली पडली.

“अहो,” वहिनीने हाक मारली, “आल्या बघा.”

दादा ओळीतून बाहेर आला. चोरी पकडल्यासारखा तो दिसत नव्हता. दमलेला दिसत होता.

“कुणाच्या वेली आहेत या?” धाकटीने विचारलं.

“आपल्याच. बाबांच्या वेलींच्या काड्या लावल्यात. सात वर्षं झाली.”

“आणि तीन वर्षं तू ही द्राक्षं माझ्या टाकीत घालतोयस.”

“तिसरा हिस्सा. यंदा निम्मी.”

“माझी सही असते त्या कागदावर, दादा! माझी! मला एका शब्दाने सांगितलं असतंस तर?”

“तर तू सही केली असतीस?”

“नाही.”

“म्हणून नाही सांगितलं.”

एवढं सरळ उत्तर देणारा माणूस इतका वाकडा कसा वागला, हे तिला कळेना. दादा एका दगडावर बसला. “तू तळघरात असतेस,” तो म्हणाला. “तिथे बारा महिने सारखाच गारवा. उन्हात मी असतो. सात वर्षांपूर्वीच मला दिसलं, उतार हातचा चाललाय. बाबांना सांगायला गेलो. ते म्हणाले, माती कुठे पळून जात नाही, तू नीट बघत नाहीस. मग म्हटलं, त्यांच्या हयातीत तरी पेल्यातली चव बदलायला नको.”

“आणि मी? मला मूर्ख बनवायचं?”

“तुझं नाक खोऱ्यात सगळ्यात तिखट आहे,” दादा म्हणाला. “तुलाही कळलं नाही, तेव्हा वाटलं, जमलं.”

हे वाक्य तिला सगळ्यात जास्त लागलं, कारण ते खरं होतं. ती जवळजवळ ओरडलीच, “आजपासून एकही क्रेट मिसळायचा नाही. पांढऱ्याचे वेगळे, काळ्याचे वेगळे. आणि ते धुणं बंद करा!” वहिनीने मान डोलावली. खरं तर तिला धुण्यातून सुटल्याचा आनंद झाला होता.

अशा रीतीने तळघरात तीन टाक्या झाल्या. पहिल्या दोन दिवसांत मिसळून गेलेली, एकट्या चुनखडीची आणि एकट्या काळ्या दगडाची. थंडीभर बहीणभाऊ कामापुरतं बोलले. धाकटी रोज टाक्या बघायची आणि दादाकडेही बघायची. आणखी काही लपवलंय का? पत्र आलं की पाकीट उलटून बघायची, वहिनी खुदकन हसली की कान टवकारायची. एकदा फसलेलं माणूस ताकही फुंकून पितं, ती पाणीही फुंकून पीत होती. पण तिची खरी धास्ती वेगळीच होती. बाबा म्हणतील, मिसळ आणि सही कर. चव राखली पोराने, तुझं काय जातंय? बाबांनी तसं सांगितलं तर आपल्याला नाही म्हणता येईल की नाही, हे तिला ठाऊक नव्हतं.

तपासनीस यायच्या दिवशी सकाळी तिने तीन पेले भरले आणि बाबांच्या खोलीत नेले. दादाला तिने बोलावलं नव्हतं, तरी तो दारात येऊन उभा राहिला. बाबा खिडकीपाशी खुर्चीत होते. त्यांना काहीच सांगितलेलं नव्हतं.

“बाबा, यातली आपली कुठली?”

“परीक्षा घेतेस म्हाताऱ्याची?” बाबा खूश झाले. त्यांनी मिसळीचा पेला घेतला, तोंडात घोळवला. “ही आपलीच. पण सुस्त आहे. आजारी होतीस का गं तोडणीला?” मग काळ्या दगडाची. त्यांचे डोळे मिटले आणि बराच वेळ उघडले नाहीत. “ही,” ते म्हणाले. “ही माझ्या बापाच्या वेळची. हा चुना बोलतोय. डोळे मिटून सांगतो, हा आपला उतार.”

दादाने चौकट धरली. बाबांनी तिसरा पेला उचलला, एक घोट घेतला आणि हसून बाजूला सरकवला.

“गाळवाल्याची ना? त्याच्या मानाने बरी केलीय. सांग त्याला माझं नाव.”

आता सांगणं भागच होतं. धाकटीने सगळं सांगितलं. कपची, क्रेट, माथ्यापलीकडच्या ओळी, तीन सह्या. कोणाची बाजू घेतली नाही, स्वतःचीसुद्धा. बाबांचं हसू चेहऱ्यावरून हळूहळू उतरलं. त्यांनी बाजूला सरकवलेल्या पेल्याकडे बोट केलं.

“म्हणजे ती...”

“आपल्या उताराची. एकट्या चुनखडीची.”

मग बाबा दादाकडे वळले. आता ओरडणार, असं दोघांनाही वाटलं.

“तिकडे पाणी कुठून नेलंस?” त्यांनी विचारलं.

“खांद्यावरून. पहिली दोन वर्षं.”

“माथा ओलांडून?”

“हो.”

“मी म्हणालो होतो, तू नीट बघत नाहीस.”

“हो.”

“बघत मी नव्हतो,” बाबा म्हणाले. “सगळी किमया गार वाऱ्याची होती तर. आणि मी चाळीस वर्षं दगडाचे गोडवे गात बसलो.” “कागद आण तो.”

धाकटीने कागद आणला. “बाबा, मिसळलेलीवर मी सही करणार नाही,” ती एका दमात बोलून गेली.

“कोण म्हणतंय कर म्हणून? आहे ते लिही. आणि मागच्या तीन वर्षांचंही लिही.”

“बक्षिसं परत मागतील. परवानाही कदाचित.”

“मागू देत. लिही.”

तिने लिहिलं. तीन वर्षांचं सगळं, दादाने सांगितलेल्या हिश्शांसकट. पहिल्या टाकीपुढे ‘मिसळ’. दुसरीपुढे ‘चुनखडीचा उतार’. तिसऱ्या टाकीपुढे तिचं पेन अडलं. “दादा, मागच्या मळ्याचं नाव काय?”

“नाव नाही त्याला.”

“सात वर्षांत तुम्ही दोघं त्याला काहीच म्हणाला नाहीत?”

“तुझ्यासमोर चुकून तोंडातून गेलं असतं,” दादा म्हणाला.

धाकटीने ती जागा मोकळी सोडली आणि खाली सही केली. खाली फाटक वाजलं, तपासनिसाची गाडी आत आली. ट्रेमध्ये पेले गोळा करायला तिने हात पुढे केला. बाबांनी दोनच पेले उचलू दिले. तिसरा, गाळवाल्याचा म्हणून सरकवलेला, त्यांनी दोन्ही हातांत धरून ठेवला होता. एकेक घोट घेत ते तो संपवत होते.