खिमचूबाईंचा पत्ता

महाराज हसले. सातव्यांदा.

आता आमच्या देवळातल्या क्वान महाराजांचं तोंड म्हणजे पिकल्या बोरासारखं लाल, दाढी पोटापर्यंत, भुवया अशा चढलेल्या की दाढ दुखत असावी. असा देव हसतो म्हणजे काय, तर कौलाच्या दोन लाकडी फाका फरशीवर पडतात आणि दोन्हींची सपाट बाजू वर येते. एक सपाट, एक फुगीर आली तर होकार. दोन्ही फुगीर आल्या तर नकार. दोन्ही सपाट आल्या, की महाराज हसताहेत, प्रश्नच त्यांना कळलेला नाही. नकार परवडला हो! नकाराशी भांडता येतं. हसणाऱ्याचं काय करायचं?

आणि प्रश्न काय होता? खिमचूबाईंनी माझ्याशी लग्न करावं का?

मी आंग. तूमन वेशीच्या देवळात उजव्या हाताला टेबल टाकून बसतो आणि लोकांना देवापुढे निघालेल्या भविष्याच्या चिठ्ठ्यांचे अर्थ सांगतो. एकेचाळीस वर्षं सांगतोय. वेस माझ्या जन्माआधीच पडली, नाव तेवढं बसथांब्यावर उरलंय. माझ्या आजोबांनी मात्र ती एकदा पाठीने ढकलून बंद केली होती, आतून तीनशे दरोडेखोर ढकलत असताना. दरोडेखोर आत होते मग वेस बंद कशाला केली, असं खिमचूबाईंनी पहिल्याच भेटीत विचारलं. एकेचाळीस वर्षांत हा प्रश्न दुसऱ्या कोणी विचारला नव्हता. मी तिथेच संपलो.

बाई एकोणसत्तरच्या, विधवा. बाजारात त्यांचा शेवयांच्या पातळ पेजेचा गाडा होता, आता बंद केलाय. तरी दर महिन्याच्या पहिल्या तिथीला आणि पुनवेला थर्मासमधून माझ्यासाठी पेज येते. मी त्र्याहत्तरचा, दात माझेच आहेत, पैकी बरेच तोंडातही आहेत. पेज पाचव्यांदा आली तेव्हा मी विचारलं. त्या लाजल्या-बिजल्या काही नाहीत.

"माझी ना नाही, गुरुजी. पण महाराजांना विचारायला हवं. लागोपाठ तीन होकार."

"आपल्या वयात?"

"पहिल्या लग्नाच्या वेळी विचारलं होतं. आता न विचारता केलं तर त्यांना काय वाटेल?"

झालं. तेव्हापासून दर तिथीला बाई गुडघे टेकतात, पुटपुटतात, फाका टाकतात आणि महाराज हसतात. मी काय काय केलं नाही! जुन्या फाका गुळगुळीत झाल्यात म्हणून नव्या आणल्या. फरशी उतरती आहे म्हणून बाईंना डावीकडे बसवलं. चौथ्या वेळी एका फाकेची फुगीर बाजू कानशीने किंचित घासून ठेवली. तर ती फाक पडली, उभी राहिली, गरगरा फिरली, सरळ माझ्या टेबलापर्यंत घरंगळत आली आणि माझ्या बुटावर आडवी झाली. सपाट बाजू वर. शपथेवर सांगतो. अर्थात, महाराजांच्या देवळात खोटी शपथ घेणाऱ्याचं काय होतं ते मला ठाऊक असल्यामुळे ही शपथ मी रस्त्यावर उभा राहून घेतोय.

बाईंचा मुलगा बुन्हुई भला माणूस. तोही वैतागला. "आंगकाका, तुम्ही तिला सरळ लग्ननोंदणीच्या कचेरीत घेऊन जा ना. फॉर्म भरायला दहा मिनिटं लागतात."

"तूच घेऊन जा."

"माझं ऐकते होय ती?"

"मग माझं ऐकेल?"

"तुमचं तर कोणीच ऐकत नाही," तो म्हणाला आणि मला सिगारेट दिली.

आठव्या वेळी मी उठून बाईंच्या मागेच जाऊन उभा राहिलो. दुसऱ्याचं गाऱ्हाणं ऐकू नये असा आमच्याकडे नियम आहे, पण हे गाऱ्हाणं निम्मं माझंच होतं. बाई डोळे मिटून म्हणत होत्या, "महाराज, मी खिमचू, सशाच्या वर्षात जन्मलेली, राहणार तूमन वेशीच्या आत, तिसरी गल्ली, विहिरीशेजारचं घर..."

मी कपाळावर हात मारला. मागच्या रांगेतल्या मुलीने दचकून उदबत्ती माझ्या बाहीवर टेकवली.

"अहो बाई! ते घर पाडून बावीस वर्षं झाली! गल्ली गेली, विहीर गेली, तिथे रस्ता झालाय!"

"मला माहीत आहे. मीच राहत होते ना तिथे."

"मग महाराजांना कसलं घर सांगता? त्यांच्या मूर्तीशेजारी उभा असलेला तो काळ्या तोंडाचा खड्गवाला सेवक दर वेळी चौकशीला जातो. कालच मला भेटला. म्हणाला, विहिरीच्या जागी दुधाच्या चहाचं दुकान आहे, चाळीस मिनिटं रांगेत उभं राहिलो, खिमचू म्हणून कोणी नाही. मग महाराज हसणार नाहीत तर काय?"

"रांगेत खड्ग घेऊन?"

"बाहेर टेकवून ठेवलं होतं."

"कोणता चहा घेतला?"

"बाई, पत्ता बदला!" मी ओरडलो. देवळात ओरडू नये असाही नियम आहे. "इमारत सात, मजला एकोणीस, काय ते सांगा!"

त्यांनी फाका मांडीवर ठेवल्या. "ते बुन्हुईचं घर आहे."

"तुम्ही तिथेच राहता ना?"

"राहते. सून चांगली आहे. मला कपाटाचे दोन खण दिलेत." त्यांनी फाका पुन्हा हातात घेतल्या. "पण भांडं कुठे ठेवायचं ते मी तिला विचारते, गुरुजी. जिथे विचारावं लागतं तो आपला पत्ता कसा?"

मला आयुष्यात जी उत्तरं पटकन सुचली त्यांतली बहुतेक खोटी होती. या वेळी खरं द्यायचं होतं.

"मग माझा सांगा," मी शेवटी म्हणालो. "छापखान्यामागे, दुसरा मजला."

"लग्नाआधी? महाराजांना वाटेल, आधीच राहायला गेले!"

"मग फुटपाथचा सांगा! बसथांब्याचा सांगा!"

"आजी, आटपा हो," रांगेतली मुलगी म्हणाली. "माझी परीक्षा आहे."

बाईंनी तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि मग मान वर करून महाराजांकडे. डोळे मिटले नाहीत. मोठ्याने म्हणाल्या, "महाराज, मी खिमचू. पत्ता नाही. ही इथे, तुमच्या समोर आहे. बघा."

फाका पडल्या. एक सपाट, एक फुगीर.

सगळी रांग वाकली. दुसऱ्यांदा टाकल्या. होकार. मी खांब धरला. परीक्षावाल्या मुलीने माझी जळकी बाही धरली.

तिसऱ्या वेळी बाईंनी फाका उचलल्या, पदराला पुसाव्यात तशा सदऱ्याच्या टोकाला पुसल्या आणि टोपलीत ठेवून दिल्या.

"अहो, तिसरा!"

"तिसरा माझा," त्या गुडघ्यांवर हात टेकून उठत म्हणाल्या. "माझा होकार आहे. पण तुमच्याकडे यायचं नाही आणि बुन्हुईकडे तुम्ही यायचं नाही. दोघांनी मिळून घर बघायचं. भाड्याचं चालेल."

महाराज तेव्हा खरोखर हसले, लाकडाने नव्हे, तोंडाने. पाहणारा मी एकटाच होतो.

तेव्हापासून आम्ही घरं बघतोय. कालपर्यंत सोळा झाली. एकाला ऊन फार, एकाला ऊन नाही. एकाच्या शेजारी कोंबडा. एकाचा दलाल खोटं बोलतो. "तुमच्यापेक्षा वाईट बोलतो," बाई म्हणाल्या, "त्याला जमत नाही." सोळाच्या सोळा घरं त्यांनी दारातूनच पाहिली, पाऊल आत टाकलं नाही. माझे गुडघे गेले, थर्मासचं झाकण हरवलं, आणि दलाल आता माझा फोन उचलत नाही.

आज सतरावं, दलाल नवा. मासळीबाजारामागे, तळमजला. बाईंनी दारातूनच छताकडे पाहिलं.

"पंखा वाजतो," त्या म्हणाल्या.

मी भिंतीला टेकलो. डोळे मिटले. उघडले तेव्हा दारात फक्त त्यांच्या चपला होत्या आणि आतून स्वयंपाकघरातले खण ओढल्याचा, फळ्या ठोकून पाहिल्याचा आवाज येत होता.

दलालाने माझ्याकडे पाहिलं.

"पंखा दुरुस्त करून घ्या," मी म्हणालो.