चिंधीचा दोर

चिंधी कुत्रीला साखळी चालत नव्हती. पिल्लू असताना कुणीतरी तिला तारेनं बांधलं होतं, त्याचा व्रण गळाभर होता, आणि साखळी खळखळली की ती खाटेखाली जाऊन बसायची. दुकानातला नायलॉनचा पट्टा आणला, तर तो वच्छलेच्या हाताला कळेना. साखरेच्या आजारानं वच्छलेचे डोळे गेले होते आणि बोटंही बधिर झाली होती. बारीक वस्तू हातात आहे की नाही, हे तिला ओठांना लावून बघावं लागायचं. पट्टा निसटून गेला तरी ती आपली "चल गं चिंधे" म्हणत उभीच.

मग तिचा नवरा ईरप्पा म्हणाला, "मीच करतो दोर."

ईरप्पा सोलापुरात टॉवेलच्या कारखान्यात मागावर होता आणि दोघं राहायची कुंभारीला, कामगारांच्या घरांत. मागावरचा उभ्या सुताचा ताणा संपला की शेवटी हातभर सूत उरतं. ते कुणाच्या कामाचं नसतं. त्यातलं जाड सूत त्यानं मागून आणलं आणि दारात बसून हातभर लांबीच्या, अंगठ्याएवढ्या जाड वेण्या घातल्या. मग वेणीला वेणी जोडली. जोडली ती त्याला येत होती त्याच गाठीनं. विणकराची गाठ ती, बारीक, बसकी, मागाच्या फणीच्या दातांतून सुळकन पार होणारी. गाठ मारली की टोकं लगोलग छाटायची, हा हाताचा धर्मच. त्यानं छाटली.

शेजारचा टेम्पोवाला गौस उभा राहून बघत होता. "काका, टोकं जरा ठेवा की. एवढी हजामत कशाला?"

"गाठ दिसली तर त्यो विणकर कसला रे? तू आपला टेम्पो बांध जा."

त्यानं दोर खिडकीच्या गजाला अडकवला आणि सगळं अंग मागं टाकून ओढला. गाठ हलली नाही. "बग वच्छे, हत्ती बांधला तरी सुटायचा न्हाय."

"हत्तीला भाकरी कोण घालंल? माजी चिंधीच बरी." तिनं दोर हातात घेतला, ओठांवरून फिरवला आणि तिचा चेहरा उजळला. "हातात काय तरी हाय, ह्ये कळतंय बगा."

त्या दोरानं तिला धीर आला, आणि तिथंच घात झाला. तिच्या बहिणीचं घर अक्कलकोट रस्त्याच्या पलीकडं होतं. एकटीनं रस्ता ओलांडायचा नाही, असं ईरप्पानं तिला कितीदा बजावलं होतं. मुमताज, म्हणजे गौसची बायको, सोबत असली तरच जायचं. पण हत्ती बांधायचा दोर हातात असताना मुमताजची वाट कोण बघतंय?

भर उन्हात गौसचा टेम्पो कारखान्याच्या दारात येऊन थांबला. गौस आत आला तो मागांच्या खडखडाटातच ओरडत. "काका, चला! चिंधी एकटीच घरी आलीय. मावशी कुटंच न्हाय!"

ईरप्पा चालता माग तसाच सोडून निघाला. टेम्पोत तो नुसता हाताच्या मुठी वळत होता आणि सोडत होता.

घरी चिंधी मोरीतल्या ओल्या फरशीवर पसरली होती. गळ्यात हातभर दोर. ईरप्पानं टोक धरून बघितलं. चावलेलं नव्हतं. तुटलेलं नव्हतं. वेणी जशीच्या तशी, फक्त गाठ नव्हती. मागावर सूत जन्मभर ताणलेलं असतं, म्हणून ती गाठ धरते. कुत्रं ओढतं, थांबतं, परत ओढतं. सैल पडली की ती गाठ जरा सरकणार, आणि धरून ठेवायला टोक तर त्यानंच ठेवलं नव्हतं.

"चिंधे, दाखव! कुटं हाय ती? ऊठ!" त्यानं तिला उचलून उभं केलं. ती परत बसली आणि धापा टाकत त्याचा हात चाटू लागली.

"काका, मुक्या जनावराला काय इचारताय?" मुमताज म्हणाली. "मी देवळात बगून आले. तुमी रस्त्याकडं जावा."

रस्ता. तो शब्द आतापर्यंत त्यानं मनातसुद्धा घेतला नव्हता. तो अनवाणीच पळत सुटला, मागून गौस. डांबरावरून उन्हाच्या झळा उठत होत्या. उसाचे ट्रॅक्टर नसले तरी ट्रक होतेच, एकामागं एक, दोन्ही बाजूंनी.

आणि दुभाजकाच्या फटीत वच्छला बसली होती. पदर तोंडावर ओढलेला, मुठीत दोर. दोराचं दुसरं टोक रस्त्यावर पडलं होतं आणि चाकं त्याच्यावरून जात होती. रोज मुमताजसोबत जाताना चिंधी तिथंच थांबायची. चिंधी थांबली की आपण थांबायचं, एवढं वच्छलेला ठाऊक.

गौसनं हाक मारायला तोंड उघडलं. ईरप्पानं त्याच्या तोंडावर हात दाबला. "गप! आवाज आला की उठंल ती. आवाजाकडं चालाय लागंल."

हाक मारायची नाही. बघत उभं राहायचं. एक ट्रक गेला, दुसरा गेला, तिसऱ्याचा वारा तिच्या पदराला लागला आणि ती जरा पुढं सरकली. ईरप्पाच्या तोंडून आवाज फुटणार, तो त्यानं स्वतःचं मनगट चावून दाबला. देवा, तिला हलवू नकोस. एवढंच त्याच्या मनात फिरत होतं. गौस हात वर करून रस्त्यात शिरला, ब्रेक करकचले, शिव्या आल्या, आणि ईरप्पा झेप घेऊन दुभाजकाशी पोचला. त्यानं तिचा दंड धरला.

"कोण हाय? सोड मुडद्या! चिंधे, चाव ह्येला!"

ईरप्पानं दंड आणखी घट्ट धरला.

"चिंधे!"

"मी हाय गं," तो कसाबसा म्हणाला. "मी."

"तुमी व्हय? मग बोलत का न्हाय? आदी तिला ओढून घ्या. मगापासनं रस्त्यात बसलीया. उठतच न्हाय."

ती दोर ओढू लागली. दोर अडखळला नाही, सरसर येतच राहिला. शेवटी टोक हाताशी आलं. तिनं ते ओठांना लावलं. तापलेलं, डांबर लागलेलं टोक.

"चिंधी हाय का?" तिनं हळूच विचारलं.

"हाय. घरात हाय. पानी पिलीया."

"मग मी इतका येळ कुनाला धरून बसले होते?"

एका बाजूनं गौस हात हलवून ओरडत होता, "या काका, या लौकर!" ईरप्पानं वच्छलेला उठवायला तिचा हात धरला.

वच्छलेनं त्याचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. बधिर बोटांना काही कळेना, म्हणून तो गालाला लावला.

"लई थरथरताय तुमी," ती म्हणाली. "बसा जरा हितं. मग जाऊ."