मिरची तिखट लागली

माझ्या नवऱ्याला, देवानंदला, गॅसवर भाजलेली मिरची चालत नाही. चटणी करायची तर चुलीच्या निखाऱ्यावरच, असा त्याचा हट्ट. मीही काही कमी नाही. म्हटलं, "मग फाटी तूच आण."

तो मागच्या जळणाच्या लाकडांच्या ढिगातून फाटी घेऊन आला आणि बोट चोखत बसला. "काटा लागला," म्हणाला. सासूबाईंनी त्याचं बोट उजेडात धरलं. दोन बारीक ठिपके होते. ना सूज, ना रक्त. मला ते काट्याचे नाही, सापाच्या दातांचे वाटले.

"आधी जव्हारच्या दवाखान्यात नेऊ याला," मी म्हणाले.

"थांब बाय, मिरची सांगल."

आमच्या साखरशेत गावात असंच बघतात. सापाचं इख, म्हणजे विष, चढलं असेल तर मिरची तिखट लागत नाही म्हणे. सासूबाईंनी निखाऱ्यावरची एक मिरची उचलून त्याच्या तोंडात कोंबली. आम्ही दोघी श्वास रोखून बघत राहिलो. देवानंदला जोराचा ठसका लागला, नाकाडोळ्यांतून पाणी आलं, आणि "मेलो, मेलो" करत तो अंगणभर नाचला. सासूबाई हसल्या. मीही हसले. त्या हसण्याची मला अजून चीड येते.

मग मी निवांत चटणी वाटली. भाजलेली मिरची, टोमॅटो, लसूण, मीठ. नागलीच्या भाकरी थापल्या. ताट समोर ठेवलं, तर तो नुसता बघत राहिला.

"पुष्पा, दोन ताटं कशाला वाढलीस?"

ताट एकच होतं. मला वाटलं, चेष्टा करतोय. "डोळे उघडून बघ की," मी म्हणाले. त्याने भुवया वर ताणल्या, पण पापण्या उठेनात. मी ताट तसंच टाकून शेजारी धावले.

शेजारच्या जगनने जीप काढली. वाटेत देवानंदला थुंकी गिळता येईना, मान सावरेना. सासूबाई एकच घोकत होत्या, "तिखट लागली रं त्याला. तिखट लागली." त्यांच्यावर ओरडावंसं वाटत होतं. पण मी तरी कुठे शहाणी?

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "चावून किती वेळ झाला?"

"दीड तास."

"इतका वेळ काय करत होतात?"



इंजेक्शनं सुरू झाली, घशात नळी गेली. देवानंद निपचित पडला होता, डोळे मिटलेले. सासूबाईंनी हंबरडा फोडला, "गेला रं माझा देवा!"

नर्स झटकन वळली. "रडू नका. त्यांना हलता येत नाही, पण सगळं ऐकू येतंय."

सगळं ऐकू येतंय. म्हणजे त्याच्याच नावाने फोडलेला हंबरडासुद्धा. मी सासूबाईंना बाहेर बसवलं आणि त्याच्या कानाशी वाकले. कसाबसा आवाज सरळ केला.

"काय नाय झालं तुला. मी हाय इथं."

त्याच्या बोटांत जेमतेम जीव होता. तेवढ्याने त्याने माझं बोट धरलं, आणि ते तो सोडेना.