बंदूकवाल्यांचा पहिला बार

यवतमाळच्या कलेक्टर कचेरीत शस्त्र परवान्याच्या टेबलावर मी अठरा वर्षे काढली. जिल्ह्यात कोणाकडे एकनळी, कोणाकडे दुनळी, कोणाचं नूतनीकरण कधी, सगळं मला तोंडपाठ होतं. प्रत्यक्ष बंदूक मात्र मी कधी हातात धरली नाही. लोकांना याचं हसू येतं. विवाहनोंदणीच्या टेबलावरचा माणूस काय रोज बोहल्यावर चढतो? पण हे ऐकून घ्यायची कोणाची तयारी नसते.

निवृत्त होऊन यवतमाळजवळच्या लोहारा गावातल्या घरात जरा पाय पसरले होते, तोच एका सकाळी वामनराव बायकोला घेऊन दारात हजर झाला.

वामनराव हा दिग्रसच्या शाळेपासूनचा माझा मित्र. फुलसावंगीला त्याची शेती आहे. गावात त्यांच्या घराला 'बंदूकवाले' म्हणतात. खरं आडनाव फक्त रेशनकार्डावर आहे. मुलीच्या लग्नाच्या पत्रिकेतसुद्धा यजमानाच्या नावापुढे कंसात 'बंदूकवाले' छापलं होतं. बैठकीत त्याच्या आजोबांचा मोठा फोटो आहे: खाकी हाफपँट, एक पाय दगडावर, खांद्यावर एकनळी आणि समोर ओळीने मांडलेले अकरा तितर. येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला चहाच्या आधी तो फोटो पाहावा लागतो. मी निदान चाळीसदा पाहिला असेल.

ती एकनळी आता गंजून निकामी झाली होती. त्याच परवान्यावर नवीन बंदूक घ्यायची परवानगी मिळाली होती आणि तिची मुदत महिनाअखेर संपत होती.

"शिरीकिस्ना, मले शेमी पाह्यजे," खुर्चीत बसता बसता तो म्हणाला.

"काय पाहिजे?"

"शेमी-ऑटोमॅटिक. घोडा दाबला का बार, परत दाबला का बार. मधात काहीच करा लागत नाही. अन् बजेटात पाह्यजे."

सहा महिने हा माणूस रोज मोबाईलवर परदेशातल्या बदकांच्या शिकारीचे व्हिडिओ पाहत होता. हिरवे कोट घातलेले गोरे कमरेएवढ्या पाण्यात उभे राहतात, पाच बार काढतात, आणि कुत्रा पोहत जाऊन बदक घेऊन येतो. वामनरावाला इंग्रजी येत नाही, तरी नळीची लांबी, काडतुसाचं माप, खांद्याला बसणारा धक्का, यांवर तो पारावर व्याख्यान देऊ लागला होता.

"पाखरांची शिकार आपल्याकडे बंद आहे," मी बजावलं. "एक जरी तितर पाडलास, तर साक्ष द्यायला मी पहिला उभा राहीन."

"पाडाचं कोनाले हाय? हवेत बार काढाचा. जवारीवरचे पाखरं उडाले म्हनजे झालं."

"त्याला सुतळी बॉम्ब पुरतो."

मला वाटलं, तो नेहमीसारखा उसळेल. पण त्याने आतल्या खोलीकडे पाहिलं. आत त्याची बायको बेबीताई आणि माझी बायको अनघा बोलत होत्या. त्यांचा आवाज ऐकू येतोय याची खात्री करून तो खुर्ची पुढे ओढत म्हणाला, "आमच्या घरात आजपावतर कोनीच बार काढला नाही."

"काय सांगतोस? आणि आजोबा?"

"आजा आवाजाले भेत होता. फोटोतले अकराच्या अकरा तितर इकतचे हायेत. परवाना माह्या नावावर केला तवा बाबानं सांगतलं मले. थेबी भेत होते. तीन पिढ्या झाल्या गड्या. पोळ्याले बंदुकीले हार घालतो, गावासमोर मिरवतो, अन् आतून मले लाज वाटते. मी साठीले आलो. गावासमोर एक बार काढतो. खराखुरा. म्हनजे हे नाव आमचं होईन."

मला हसूही येत होतं आणि त्याच्याबद्दल वाईटही वाटत होतं. अठरा वर्षांत माझ्या टेबलावर बढाया मारणारे शेकडो बंदूकवाले आले, पण असं खरं बोलणारा एकही नाही.

"पण एक बार काढायला पाच काडतुसांची बंदूक कशाला?"

"एक चुकला तं?"

"हवेत काढलेला बार चुकतो कसा?"

"माह्यावर कायले भरोसा ठेवतं?" तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं एसटीने नागपूरला गेलो. बेबीताईंनी येण्याचं कारण सोपं होतं. लग्नानंतर त्या घरात आलेली एकही वस्तू, मग तो कुलर असो की जावई, त्यांच्या नजरेखालून गेल्याशिवाय आलेली नव्हती.

दुकानदार मोठा सभ्य माणूस होता. त्याने परवाना पाहिला, कागद पाहिले आणि काचेवर हिरवं कापड अंथरून पहिली बंदूक ठेवली. परदेशी, अक्रोडाचा दस्ता, त्यावर उडत्या बदकांची नक्षी. वामनरावाने ती खांद्याला लावली आणि त्याचा चेहरा थेट आजोबांच्या फोटोसारखा झाला. मग दुकानदाराने किंमत सांगितली.

"एवढ्यात जुना ट्रॅक्टर येते," बेबीताई म्हणाल्या. "ठेवा भाऊ आत."

बंदूक आत गेली. त्यानंतर काचेवर देशी बनावटीच्या दोन बंदुका आल्या. पहिली हलकी आणि स्वस्त. दुसरी थोडी महाग, वजनाला जड, काळ्या प्लास्टिकच्या दस्त्याची.

"दोन्ही आपोआप पुढचं काडतूस चढवतात," दुकानदाराने समजावलं. "ही हलकी खांद्याच्या धक्क्यावरच काम करते, त्यामुळे लाथ जोरात मारते. पण साफसफाईची कटकट नाही. ही दुसरी बाराच्या वायूचा जोर आत वळवून घेते. धक्का अर्धा जाणवतो. फक्त काजळी धरते, वरचेवर साफ करावी लागते."

"हलकी द्या," वामनराव म्हणाला. "धक्क्याचं काय, मर्दाच्या खांद्याले."

"उजव्या का डाव्या?" बेबीताईंनी विचारलं.

वामनरावाचा उजवा खांदा दोन वर्षांपासून आखडला होता. शर्टाची बाही घालताना त्याला बायको लागायची. हे दुकानात सांगायचं नव्हतं, पण बेबीताईंना लपवाछपवी जमत नाही. त्यांनी त्याला हलकी बंदूक खांद्याला लावायला सांगितली, नळीच्या बाजूने उभ्या राहिल्या आणि तळहाताने नळी धरून मागे एक दणका दिला. वामनरावाच्या तोंडून जो आवाज निघाला, तो ऐकून दुकानदाराचा नोकर आतून पळत आला.

"ही नको," बेबीताई म्हणाल्या. "दुसरी लावा."

दुसरी लावली. पुन्हा दणका. वामनराव नुसताच डुलला.

"ही द्या."

"अवं, पन ते प्लास्टिक हाय," वामनराव कळवळला. "फोटोत कसं दिसन? अन् काजळी कोन काढन?"

"घरचा फवारनीचा पंप तुम्ही कधी धुतला, तर हे धुसान? मी काढीन काजळी. खांदा तं मलेच चेपा लागते ना रोज."

गेले सहा महिने जगभरच्या तज्ज्ञांना जे ठरवता आलं नव्हतं, ते पाच मिनिटांत ठरलं. दुकानदाराने बेबीताईंना विचारलं, ताई, तुमच्याकडे याआधी बंदूक आहे का. "तीन पिढ्यांपासून," त्या म्हणाल्या, आणि वामनरावाने माझ्याकडे न बघता खिशातून रुमाल काढला.

गावात निरोप आधीच गेला होता. दुसऱ्या दिवशी ठाण्यात बंदूक दाखवायची, नोंद करायची आणि संध्याकाळी ज्वारीच्या वावरात उद्घाटन. शेजारचा शेतकरी देवीलाल याने गावभर आमंत्रण दिलं होतं. मीही सोबत निघालो. कागदोपत्री गडबड होऊ नये हे माझं कारण. खरं कारण मलाही बार ऐकायचा होता.

ठाण्यातल्या जमादाराने नोंद केली, शिक्का मारला, बंदुकीचं कौतुक केलं. मग भिंतीवरच्या टीव्हीकडे मान वळवली. आम्हीही वळवली. निवडणुका जाहीर झाल्या होत्या. आचारसंहिता त्या क्षणापासून सुरू.

"म्हणजे परवानाधारकांच्या बंदुका जमा कराव्या लागतील," जमादार म्हणाला. "दोन दिवसांत नोटीस निघेलच. आता आणलीच आहे तर ठेवूनच जा. खेटा वाचेल."

वामनरावाने माझ्याकडे पाहिलं. अशा नोटिसा अठरा वर्षे मीच काढल्या होत्या. प्रत्येक निवडणुकीत शेकडो लोकांनी शिव्या दिल्या, आणि मी शांतपणे नियम दाखवला. आज तोच नियम मी वामनरावाला खाली मान घालून सांगितला. बंदूक ठाण्याच्या खोलीत गेली आणि वामनराव हातात पावती घेऊन घरी आला. वावरात जमलेल्या पन्नास माणसांना त्याने ती पावती दाखवली. देवीलालने ती मोठ्याने वाचली आणि लोकांनी सवयीने टाळ्या वाजवल्या.

पुढचे तीन महिने काय सांगू. नगरपालिकांची निवडणूक संपते न संपते तोच जिल्हा परिषदेची आली. बंदूक ठाण्यातच राहिली. इकडे ज्वारीचा दाणा दुधात आला आणि पाखरांचे थवे उतरू लागले. देवीलालची आई जमनी, वय ऐंशीच्या पुढे, रोज सकाळी येऊन दोन्ही वावरांत गोफण फिरवायची. तिचा नेम असा, की पाखराला लागायचं नाही पण शेपटीचा वारा बदलायचा. बेबीताईंनी जुन्या साड्या बांधल्या. दिलेल्या शब्दाला जागून दर सोमवारी त्या ठाण्यातही जायच्या. जमादारासमोर बसून, न उडालेली बंदूक तेलाच्या फडक्याने पुसायच्या. शिपाई त्यांना चहा द्यायचे.

वामनराव मात्र पारावर जाईना. व्हिडिओ बघणं त्याने सोडून दिलं. फोनवर मला म्हणाला, "आमच्या घराले बंदूक फळत नाही शिरीकिस्ना. आजाले भेव होतं, मले आचारसंहिता हाय. नाव खोटंच राह्यलं." मी त्याला काहीबाही सांगितलं. फोन ठेवल्यावर अनघा म्हणाली, एवढा गंभीर चेहरा तुमचा निवृत्तीच्या समारंभातही नव्हता.

अखेर निकाल लागले, आणखी काही दिवस गेले आणि बंदूक सुटली. मी पहिल्या एसटीने फुलसावंगी गाठलं. वावरात पोचलो तर ज्वारी कापून झालेली. पेंढ्यासुद्धा उचललेल्या. फक्त बांधाच्या कडेला पाच-सहा ओळी उभ्या होत्या.

"एवढी का ठेवली?" मी विचारलं.

"पाखरं याले पाह्यजे ना भाऊजी," बेबीताई म्हणाल्या. "नाईतं हे बार कायच्यावर काढतीन?"

वामनरावाने हे ऐकलं. त्याने माझ्या हातातली पाण्याची बाटली मागून घेतली आणि प्यायला विसरला.

माणसं जमली. मी सगळ्यांना मागे उभं केलं. समोर टेकडी आहे, वावरात कोणी नाही, याची दोनदा खात्री केली. पाखरं उतरली. वामनरावाने बंदूक खांद्याला लावून आभाळाकडे धरली. बेबीताई त्याच्या मागे गेल्या आणि दोन्ही हातांनी पाठ धरून उभ्या राहिल्या.

"वहिनी, बाजूला व्हा," मी ओरडलो. "परवाना एकट्याच्या नावावर आहे."

"पाठ धराले परवाना लागते काय?"

लागत नाही. अठरा वर्षांत असा नियम मी वाचलेला नाही.

वामनरावाने डोळे घट्ट मिटले आणि घोडा दाबला.

बार झाला. टेकडीवरून तो परत आला. सगळी पाखरं एकदम उठली आणि देवीलालच्या वावराकडे गेली. रिकामं काडतूस उडून माझ्या चपलेपाशी पडलं. बंदूकवाले नवराबायको एकमेकांना धरून जागच्या जागी उभे होते. वामनरावाने आधी एक डोळा उघडला, मग दुसरा. उरलेल्या चार काडतुसांची त्याला आठवणही झाली नाही.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. या वेळी जोरात. जमनीबाई काठी टेकत पुढे आली, वामनरावाच्या तोंडावरून हात फिरवला आणि म्हणाली, "काढला बाप्पा शेवटी एकानं. बरं वाटलं."

वामनराव चपापला. "शेवटी एकानं म्हनजे?"

"तुह्या आज्याले तितर माहा सासराच तं इकत होता. अकरा नेले होते फोटोसाठी. पैशे देले नाही, पायलीभर जवारी देली."

"याडी," देवीलालने बंजारा बोलीत आईला हळूच हाक मारली, "गप बस."

वामनरावाने आजूबाजूला पाहिलं. कोणाच्याच चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं. कोणी तंबाखू मळत होतं, कोणी उगाच आभाळ बघत होतं. त्याने बेबीताईंकडे पाहिलं. त्यासुद्धा रिकामं काडतूस उचलून पदराने पुसण्यात गुंग होत्या.

"साऱ्या गावाले माहीत होतं?" त्याने विचारलं. "मंग एवढे वर्सं बंदूकवाले काहून म्हनत होते आमाले?"

जमनीबाईला हा प्रश्न फारच बावळट वाटला असावा.

"बंदूक तं होती ना घरात," ती म्हणाली, आणि गोफण उचलून आपल्या वावरातली पाखरं उडवायला निघून गेली.