शिशाच्या एप्रनचे पट्टे

अँजिओग्राफीच्या खोलीत बाई सर्वांत जुन्या तंत्रज्ञ. किरण अंगाला लागू नयेत म्हणून आत प्रत्येकाने शिशाचा एप्रन घालायचा. म्हणजे सहा महिन्यांचं पोर गळ्यात बांधून दिवसभर उभं राहायचं. बाईंची कंबर एवढी धरली की विभागप्रमुखांनी सांगूनच टाकलं, "सोमवारपर्यंत फरक पडला नाही, तर नोंदणीच्या खिडकीत बसा." खिडकीच्या नुसत्या नावानेच कंबर आणखी दुखली.

एकटीचं दुखणं असतं तर बाईंनी ते वयाच्या माथी मारलं असतं. पण जिना उतरताना कठडा कोण धरतं, खुर्चीतून उठताना टेबलाच्या विनवण्या कोण करतं, सगळं त्यांच्या ध्यानात. खोलीतले सातही जण वाकडे. सरळ फक्त बाहेरून आठवड्यातून एकदा येणारे डॉक्टर. तीन तास उभे, वर शीळ घालतात.

शुक्रवारी काम आटोपल्यावर बाई त्यांच्या पाठीमागे जाऊन उभ्या राहिल्या.

"काय शोधताय?"

"तुमचं दुखणं. सापडत नाही."

डॉक्टर हसले. स्वतःच्या एप्रनचा रुंद पट्टा त्यांनी आवळून दाखवला. "बरंचसं ओझं कमरेच्या हाडांवर येतं. तुमचं सगळं खांद्यांवर लोंबतंय. तुमचे पट्टे कुठायत?"

बाई थेट भांडारात गेल्या. भांडारवाल्या मावशींनी पायानेच एक खोका पुढे सरकवला. आत सात पट्टे, कोरे करकरीत.

"कुणी काढले हे?"

"मलाच काय विचारता? सहा वर्षांपूर्वी तुम्हीच म्हणालात ना, लोंबतात, जमिनीला घासतात, खुंटीवर बरे दिसत नाहीत?"

बाईंना आठवलं. ओळीत टांगलेले एप्रन बघून तेव्हा केवढं समाधान वाटलं होतं.

मावशी हळूच म्हणाल्या, "तुमच्यापुरता एक न्या. कुणाला कळतंय?"

बाई दाराशी घुटमळल्या. मग अख्खा खोकाच मावशींच्या हाती देऊन त्यांना खोलीत घेऊन आल्या.

"घट्ट बांधा. हे काढायला मीच सांगितलं होतं."

पट्टा आवळत एक्स-रेवाले काका म्हणाले, "म्हणजे सहा वर्षं मी घरच्या गादीला शिव्या दिल्या, त्या फुकट?"

"फुकट."

सोमवारी प्रमुखांनी सगळं ऐकून घेतलं. "पट्टा चांगला आहे, पण तीन दिवसांत कंबर बरी होत नाही. दोन महिने खिडकी, मग परत आत."

बाई कबूल झाल्या. फक्त खिडकीतली खुर्ची वर-खाली होते की नाही, ते आधी स्वतः बघणार म्हणाल्या.