अंधाराची वाटणी

त्या छोट्या शहरात तिला सगळे अंधारबाई म्हणत. तोंडावर म्हणत नसत, पण ती पावाच्या दुकानात शिरली की रांगेतली बोलणी एकदम आटायची, त्यावरून तिला काय ते कळायचं. ती सबस्टेशनच्या नियंत्रण कक्षात कामाला होती. वीज कमी पडली की कुठल्या भागाची बंद करायची ते ठरवायचं आणि बटण दाबायचं, हे तिचं काम.

या कामातला विचित्रपणा तिच्याइतका कुणालाच ठाऊक नव्हता. शहराबाहेरच्या माळावर सौर पॅनेलांचं मोठं रान पसरलं होतं, कडेला चार पवनचक्क्याही होत्या. भर दुपारी तिथून इतकी वीज यायची की जुन्या तारांना ती पेलवायची नाही, आणि त्या वेळी ती कुणाला एवढी लागायचीही नाही. मग ही फोन उचलून तिथल्या माणसाला सांगायची, "खाली आणा. अजून खाली." पॅनेलं उन्हात नुसती बसून राहायची. दिवस कलला, लोक घरी आले, दिवे, पंखे, शेगड्या सुरू झाल्या, की तीच बाई एकेका भागाचं बटण दाबायला लागायची. दुपारी ओतून द्यायचं आणि संध्याकाळी घशाला कोरड.

"अहो, माझ्यासारखी उधळी आणि माझ्यासारखी कंजूष बाई दुसरी सापडायची नाही," ती नवऱ्याला म्हणायची. नवरा शाळेत भूगोल शिकवायचा. तो मान डोलवायचा आणि वह्या तपासायचा.

घर दुमजली होतं. वर हे दोघं आणि खाली नवऱ्याची धाकटी बहीण. पन्नाशीला टेकली तरी तिचं 'बेबी' हे नाव काही सुटलं नव्हतं. खालच्या दोन खोल्यांत बेबीचं शिवणकाम चालायचं. नर्सचे, कामगारांचे, हॉटेलातल्या वाढप्यांचे पोशाख ती शिवायची. हाताखाली चार-पाच बायका होत्या, विजेवरची यंत्रं होती, थराथरानं कापड कापणारं एक मोठं यंत्र होतं. लाइट गेले की सगळ्या जणी हात मांडीवर ठेवून बसायच्या.

"आणि लाइट घालवतं कोण, तर माझी सख्खी वहिनी," बेबी गिऱ्हाइकांना सांगायची. "घरातच चोर. तक्रार करू कुणाकडे?"

आधी ती हे हसत सांगायची. हसणं थांबलं ते हॉस्पिटलच्या कामावरून. मोठं काम होतं, तारीख डोक्यावर आली होती आणि तो आठवडा नेमका ढगाळ निघाला. बेबी जिना चढून वर आली.

"वहिनी, फक्त हा आठवडा. आपली गल्ली शेवटी घे. कुणाला कळतंय?"

"मला कळतंय ना."

"घरच्या माणसासाठी एवढं नाही करणार?"

"बेबी, आपली गल्ली मागे सरकवली की दुसरी कुणाची तरी पुढे येते. तिथेही कुणाचं तरी काही अडलेलं असतंच."

"कुणाचं ते सांग. मी जाऊन हात जोडते त्यांना."

वहिनीनं गल्ली मागे सरकवली नाही. पोशाख उशिरा गेले आणि पुढचं काम हॉस्पिटलनं दुसरीकडे दिलं. बेबीनं वहिनीशी बोलणं टाकलं. नवऱ्याची अवस्था टपालवाल्यासारखी झाली. "वहिनीला सांग, टाकी भरून वाहतेय." "बेबीला सांगा, मला दिसतंय." एकाच जिन्यावर उभ्या असलेल्या दोघींचे निरोप तो इकडून तिकडे पोचवायचा.

असे काही महिने गेले. मग बातमी आली की वीज दीर्घकाळ साठवून ठेवण्यासाठी आणि जुन्या तारा बदलण्यासाठी सरकार पैसा देणार आहे, आणि निवडलेल्या ठिकाणांत आपलं शहर आहे. ऊर्जा खात्यातून एक तरुण अधिकारी आला. माणूस सरळ होता. बोलता बोलता चष्मा पुसायचा आणि समोरच्याचं पूर्ण ऐकून घ्यायचा. साठवणीचे मोठे डबे असतील, त्यांच्यात लोखंड आणि पाणी असेल, असं त्यानं सांगितलं. लोखंड गंजताना वीज देतं आणि वीज उलटी सोडली की गंज उतरतो. दुपारची वीज नुसती रात्रीपुरती नाही, तर चांगले तीन-चार दिवस धरून ठेवता येते. अट एवढीच होती की जागा सबस्टेशनला लागून हवी आणि नगरपरिषदेनं ठराव करून ती द्यायला हवी.

सबस्टेशनला लागून एकच मोकळी जागा होती. ती नगरपरिषदेनं बेबीला कारखान्यासाठी द्यायची कबूल केली होती. कितीतरी वर्षं अर्ज करकरून मिळालेली जागा.

"हे मात्र तूच सांग," नवरा म्हणाला. "हे टपाल मी नेणार नाही."

ती खाली गेली. बेबी खडूनं कापडावर रेघा मारत होती. तिनं मान वर केली नाही. वहिनीनं उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. बेबीनं शेवटची रेघ पूर्ण केली आणि खडू खाली ठेवला.

"म्हणजे माझी वीज घेऊन पोट भरलं नाही. आता जागाही हवी."

कित्येक महिन्यांनी ती वहिनीशी बोलली, ते हे.

शाळेच्या हॉलमध्ये नगरपरिषदेची खुली सभा भरली. हॉल खचाखच भरला होता. डब्यांचा स्फोट झाला तर काय, असं एकानं विचारलं. अधिकाऱ्यानं सांगितलं की आत पाणीच आहे, पेट घेण्यासारखं काही नाही. विषारी वाफा येतील का, रात्री गुणगुण ऐकू येईल का, यानं घरांच्या किमती पडतील का? तो एकेकाला उत्तर देत गेला. मग त्यानं नियंत्रण कक्षातल्या बाईंना दोन शब्द बोलायला सांगितलं. ती उभी राहिली तसं मागून कुणीतरी म्हणालं, "आधी लाइट बंद करा, मग बोला!" हॉल हसला. तिनं माळावरची दुपार आणि शहरातली संध्याकाळ सांगायचा प्रयत्न केला, पण तिला बोलायची सवय नव्हती. वाक्यं मध्येच अडायची.

तेवढ्यात बेबी उठली. जागा तिची जाणार होती हे सगळ्यांना ठाऊक होतं.

"मला एकच विचारायचंय," बेबी म्हणाली. "हे आलं की तू बटण दाबायचं बंद करशील?"

अधिकाऱ्यानं वहिनीकडे बघितलं. वहिनी बेबीकडे बघत होती.

"नाही," ती म्हणाली. "कमी होईल. खूप कमी होईल. पण ढग हटलेच नाहीत आणि वाराही पडला, तर डबे रिकामे होणार. मग दाबावंच लागेल."

हॉलमध्ये एकच गलका उठला. मग पैसा कशाला, मग जागा कशाला, असं जो तो ओरडायला लागला. अध्यक्षांनी ठराव पुढच्या सभेवर ढकलला.

बाहेर पायऱ्यांवर अधिकारी चष्मा पुसत म्हणाला, "ताई, 'जवळजवळ बंद होईल' म्हणाला असतात, तरी ते खोटं ठरलं नसतं."

"तिनं 'जवळजवळ' विचारलं नव्हतं," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नियंत्रण कक्षाच्या दारात बेबी उभी होती. इतक्या वर्षांत ती पहिल्यांदाच तिथे आली होती.

"आत येऊ? बघायचंय मला," ती म्हणाली. "काल तू सगळ्यांसमोर 'हो' म्हणाली असतीस ना, तर मी घरोघर फिरून हा ठराव पाडला असता."

वहिनीनं तिला कोपऱ्यातली खुर्ची दिली. समोरच्या भिंतीवर शहराच्या तारांचा नकाशा होता आणि त्यात बारीक दिवे लुकलुकत होते. खिडकीतून खरं शहर दिसत होतं. आभाळ भरून आलं होतं. थोड्याच वेळात मुख्य केंद्राचा फोन आला, तुमचा भार कमी करा, ताबडतोब.

मग बेबीनं जे पाहिलं ते तिच्या कल्पनेत नव्हतं. वहिनीनं आधी हॉस्पिटलला फोन लावून जनरेटर तयार आहे का ते विचारलं. पाणीपुरवठ्याच्या माणसाला म्हणाली, पंप आत्ताच थांबवा. बाजाराजवळच्या उंच इमारतीच्या पहारेकऱ्याला म्हणाली, "लिफ्ट रिकामी करा. कुणी आत आहे का बघा. मी थांबते." ती खरंच फोन धरून थांबली. तो 'हो' म्हणाल्यावर तिचा हात बटणापाशी गेला आणि क्षणभर तिथेच राहिला. मग तिनं ते दाबलं. खिडकीतल्या शहराचा एक पट्टा पुसल्यासारखा गेला. आपली गल्ली त्यातच आहे, हे बेबीला घरासमोरचा दिवा दिसेनासा झाला तेव्हा कळलं.

लगेच फोन खणखणायला लागले. पलीकडचा आवाज बेबीलाही ऐकू येत होता. वहिनी नुसती "हो, हो, तासाभरात" म्हणत होती.

"रोज असंच?" बेबीनं विचारलं.

"रोज नाही. ढग असले की जास्त."

"आणि घरी येऊन कुणाला सांगतेस हे?"

"वरच्या मजल्याला वह्या असतात," वहिनी म्हणाली, "आणि खालचा मजला बोलत नाही."

बेबी फिस्सकन हसली. मग ती उठून नकाशापाशी गेली.

"कापड कमी आणि अंगं जास्त, असं माझंही होतं," ती म्हणाली. "पण मी गिऱ्हाइकाला आधी सांगते, बाई, बाही आखूड होईल. तू का नाही सांगत आधी?"

"मलाच कुठे आधी कळतं? हा फोन येतो तेव्हाच कळतं."

"ते डबे आले की कळेल?"

योजनेचे सगळे कागद वहिनीनं वाचले होते, पण हे तिच्या डोक्यात आलं नव्हतं. "डब्यांत किती उरलंय ते दिसेल," ती सावकाश म्हणाली. "आणि उद्याचं आभाळ कसं असेल त्याचा अंदाज येतोच. म्हणजे हो. एक दिवस आधी कळेल."

पुढच्या सभेत बेबीनं जागा सोडली. "फुकट सोडत नाहीये," तिनं सुरुवातीलाच बजावलं. तिला बस आगाराजवळची जागा हवी होती, यंत्रांना पुरेल अशी वीजजोडणी आणि पक्का रस्ता हवा होता, आणि हे सगळं त्याच ठरावात लिहून हवं होतं. ठराव काठावर मंजूर झाला. ठरावाच्या विरोधातल्या शेजारच्या दोन घरांनी बेबीला हाक मारणं सोडलं. आगाराजवळची जागा आधीच्या जागेपेक्षा गैरसोयीची होती. दिवसभर गाड्यांचा धूर येतो म्हणून पांढरं कापड झाकून ठेवावं लागतं, ही तक्रार तिनं कधीच सोडली नाही. वहिनीला तर ती आठवड्यातून एकदा तरी ऐकावी लागायचीच.

कामही सुतासारखं सरळ गेलं नाही. पैसा हप्त्याहप्त्यानं आला. डबे आधी येऊन बसले, पण नवी तार आणि मोठा ट्रान्सफॉर्मर मागेच राहिला. एक अख्खा उन्हाळा डबे काठोकाठ भरलेले असायचे आणि जुनी तार त्यातली थोडीशीच वीज शहरात आणू शकायची. लोक वहिनीला रस्त्यात गाठून विचारायचे, "काय हो, शोभेला ठेवलेत का?" ती म्हणायची, "अर्धे शोभेला, अर्धे कामाला."

मग तार आली. त्यानंतरच्या उन्हाळ्यात तिला एकदाही बटण दाबावं लागलं नाही. दुपारी माळावरच्या माणसाला "खाली आणा" म्हणायचं बंद झालं. उलट तोच फोन करून विचारायचा, "अजून पाठवू का?" संध्याकाळी खुर्चीत बसून हातांचं काय करायचं हे तिला सुचायचं नाही. खिडकीतलं शहर अंधारात उजळत जायचं आणि ती बघत राहायची.

थंडीत धुकं आलं आणि बसूनच राहिलं. वारा मेल्यासारखा पडला. डब्यांतली वीज दिवसेंदिवस खाली जात होती आणि ते भिंतीवरच्या आकड्यांत दिसत होतं. उद्या संध्याकाळी पुरणार नाही, हे तिला आदल्या दुपारीच कळलं. तिनं वरिष्ठांची परवानगी काढली आणि शहरातल्या प्रत्येक भागाला निरोप धाडला. उद्या प्रत्येकाला थोडा वेळ वीज मिळणार नाही. हॉस्पिटल आणि पाणी वगळून कुणाला कधी चालेल ते आपसांत ठरवा आणि सकाळी मला कळवा. ठरलं नाही, तर मी ठरवीन.

तिला वाटलं होतं, शिव्या येतील. काही आल्याही. पण सकाळपासून फोनवर वेगळंच सुरू झालं. बेकरीवाला म्हणाला, माझी भट्टी पहाटेची, माझी संध्याकाळ घ्या. वृद्धाश्रमातल्या बाईंनी सांगितलं, आमची माणसं दिवेलागणीलाच झोपतात, नंतर कधीही चालेल, फक्त खोल्या आधी गरम करू द्या. एका गल्लीतल्या बायकांनी शेजारच्या गल्लीशी वेळेची अदलाबदल करून टाकली होती आणि त्यावरून दोन नवऱ्यांचं भांडण जुंपलं होतं.

बेबीचाही फोन आला. "वहिनी, चार ते सहा मला हवेत. त्याच्यावर एक मिनिट मागणार नाही."

"चार ते सहा न्हाव्यानं मागितलेत. तो बाजाराच्या तारेवर आहे, आणि ती तार आणि तुझी तार एकदम चालू ठेवता येणार नाही."

"त्याला म्हणावं, कात्रीनं काप! पूर्वी काय लोक केस वाढवून फिरत होते?"

"तूच सांग त्याला. मी टपालवाली नाही."

बेबी तरातरा न्हाव्याकडे गेली. काय बोलणं झालं देव जाणे, पण दुपारी न्हाव्याचा फोन आला. पाच ते सहा बेबीताईंना द्या, तो म्हणाला, चार ते पाच माझे. त्याच्या आवाजावरून तो बराच वाद घालून दमलेला वाटत होता.

संध्याकाळी तिनं बटणं दाबली. ठरलेल्या वेळी, ठरलेल्या क्रमानं. शहराचा एक पट्टा जायचा, थोड्या वेळानं परत यायचा आणि दुसरा जायचा. खिडकीत उभी राहून ती बघत होती. फोन एकदाच वाजला. पलीकडे एक म्हातारे गृहस्थ होते. आमच्याकडे आत्ता लाइट गेले ते बरोबर वेळेवर गेले, एवढंच सांगायला फोन केला, ते म्हणाले, आणि मग "ठेवतो हं," म्हणाले.